अर्थ कोणत्या संहितेचा? : ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’विषयीचा वाद

‘प्रोकोल हारम’ या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे गीत मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जून-जुलैमध्ये सहा आठवडे ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत अग्रस्थानी राहिले. मादक द्रव्यांच्या अमलाखालील भास, जहाजबुडी, मद्यधुंद प्रणयाराधन असे अनेक अर्थ त्याला तेव्हापासून चिकटविण्यात आले आहेत. या यादीत आणखी एकाची भर घालण्याचे प्रयोजन नाही. हे अर्थ नेमक्या कोणत्या संहितेचे, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा.

कारण गीतकार कीथ रीड (१९४६–२०२३) याने मुळात चार कडवी लिहिली होती. ध्वनिमुद्रिकेत दोनच आली. तिसरे पुढे मैफलींत अधूनमधून गायिले गेले, चौथे तर क्वचितच. मर्ढेकरांच्या निमित्ताने आपल्याकडे दुर्बोधतेचा वाद झाला तेव्हा निदान छापील कविता दोन्ही पक्षांसमोर होती. येथे ज्याला गूढ म्हटले गेले ते अर्धे गीत होते. वगळलेल्या तिसऱ्या कडव्यात समुद्र, मत्स्यकन्या आणि नेपच्यून येतात, पण ते स्त्री-पुरुषांच्या चेष्टामस्करीतील प्रतिमा म्हणून. हे कडवे वाचल्यावर जहाजबुडीचा शब्दशः अर्थ टिकत नाही.

चॉसरचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. गीतात गोष्ट सांगणारा एक पिठाच्या गिरणीवाला आहे, आणि ‘कँटरबरी टेल्स’ वाचलेल्या कोणालाही त्यातील गिरणीवाल्याची चावट कथा आठवणारच. रीडने आपण ती कथा वाचलीच नव्हती असे सांगितले. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांच्या १९४६ च्या निबंधानंतर केवळ एवढ्या कबुलीने वाद मिटू नये. शिवाय चौथ्या कडव्याचा आरंभ शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील प्रसिद्ध उद्गारावर उघडउघड बेतलेला आहे. पूर्वसूरींचे असे ऋण घेणारी संहिता वाचकाला संदर्भ ऐकावयास शिकविते. चॉसर स्वीकारला तर कथा ऐकताच स्त्रीचा चेहरा पांढरा पडण्याला कारण मिळते. त्यामुळे हा अर्थ कवीला अभिप्रेत नसला तरी मला ग्राह्य वाटतो.

या साऱ्या चर्चेत शब्दांनाच संहिता मानले गेले, ही तिची मोठी उणीव होय. बाखची आठवण करून देणारी ऑर्गनची धून वाजविणाऱ्या मॅथ्यू फिशरने गीत प्रसिद्ध झाल्यानंतर ३८ वर्षांनी, २००५ मध्ये, सहकर्तृत्वाचा दावा केला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने संगीतरचनेतील ४० टक्के हिस्सा त्याला दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने सहकर्तृत्व मान्य केले, पण विलंबामुळे मानधनाचा हक्क नाकारला. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो हक्क पुन्हा बहाल केला. रीडचे शब्द या दाव्याच्या कक्षेबाहेर होते. कायद्याला शब्द आणि स्वर असे वेगळे करता येतात, श्रोत्याला नाही. चर्चमध्ये शोभावी अशी ती गंभीर धून गीताच्या आरंभीच श्रोत्याला काही पारलौकिक शोधावयास लावते. रीडची चार कडवी ऑर्गनविना नुसती वाचली, तर हाती उरतो तो एका मेजवानीतील खेळकर, काहीसा कडवट प्रेमभंग.