दावणीवरचा इतिहास

शेतकऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर बहुधा कचेरीतली दप्तरे चाळली. सारा किती बसला, सूट किती मिळाली, गहाणखते किती झाली, जप्त्या किती आल्या, हे सारे त्या दप्तरांत नीट लिहून ठेवलेले असते. पण गोठ्याला दप्तर नसते. कोणत्या साली दावणीचा कोणता बैल विकला आणि त्याच्या जागी दुसरा आला की दावे रिकामेच लोंबत राहिले, हे कोणी नोंदवत नाही. आणि खरे सांगायचे तर दख्खनच्या लहान शेतकऱ्याच्या घराण्याचा चढ-उतार त्या दाव्याइतका दुसऱ्या कशातच स्पष्ट दिसत नाही. जमीन कागदोपत्री नावावर राहते, घराची कौले तशीच राहतात, पण बैल गेला की शेतकरी शेतकरी राहत नाही. तो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो.

सह्याद्रीच्या पूर्वेला, पुणे, सातारा, नगर, सोलापूर या भागात पाऊस मोजकाच. इथल्या शेतीला बेतशीर माणसाची शेती म्हणावे लागेल. पाऊस दोनदा येणार, मृगात एकदा आणि उत्तरा-हस्तात एकदा. मधल्या काळात तो रुसला तर काय खायचे, याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागे. हा हिशेब केवळ माणसांचा नसे. घरात सहा माणसे असली आणि गोठ्यात दोन बैल, एक गाय, एक म्हैस, चार शेरडे असली, तर तोंडे सहा नव्हेत, चौदा. पंचांगात नक्षत्रे सत्तावीस, पण शेतकरी ओळखतो ती पावसाची नऊ-दहाच, आणि प्रत्येक नक्षत्राला त्याच्या घरी माणसाचे एक काम आणि जनावराचे एक काम नेमलेले असे.

वर्षाचा आरंभ पाडव्याला धरावा. मोठ्या खातेदाराकडे सालगडी त्या दिवशी ठरे. लहान शेतकऱ्याकडे सालगडी म्हणजे थोरला मुलगा. खळी उरकलेली, कडब्याची गंज रचलेली, रान उघडे पडलेले. या दिवसांत बैलांना काम थोडे आणि चारा कोरडा. उकिरड्यावरचे शेणखत गाडीने रानात न्यायचे, त्याचे ढीग घालायचे आणि पाऊस तोंडावर आला की विस्कटायचे. मग कुळवाच्या पाळ्या. काळ्या रानात दरवर्षी नांगरट नसेच. जुना बाभळीचा नांगर भारी, त्याला चार, सहा, कधी आठ बैल लागत. एका जोडीच्या माणसाने एवढे बैल आणावेत कोठून?

इथे आपल्या खेड्यांनी जी तोड काढली, ती एखाद्या कायद्याहून मोलाची आहे. दोघा-तिघांनी आपापल्या जोड्या एकत्र करायच्या आणि आळीपाळीने प्रत्येकाचे रान नांगरायचे. याला वारंगुळा म्हणत. माणसांच्या श्रमाची अशीच देवघेव ती सावड. एखाद्याचे काम अडले, घरात दुखणे आले, तर गावातली औते एक दिवस त्याच्या रानात उतरत आणि त्याने फक्त जेवण घालायचे, ते इर्जिक. या शब्दांत परोपकाराचा आव नाही. आज तुझे, उद्या माझे, एवढाच रोकडा व्यवहार आहे. पण त्यात रोकड नाही, हे लक्षात घ्यावे. ज्याच्या दावणीला एक जोडी होती, तोच या व्यवहारात बसू शके. बैल गेला की तो वारंगुळ्यातूनही गेला. आर्थिक नुकसान एका जनावराचे, पण माणूस गावाच्या देवघेवीतून उठला.

मृग बरसला की तिफणीची घाई. बाजरी, तूर, मटकी, हुलगा. वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत ज्याचे बैल चालले त्याचे वर्ष साधले. म्हणून ज्येष्ठात बैलाची बडदास्त घरच्या जावयाहून अधिक. पेंड, सरकी, भिजवलेला भरडा. घरधनीण स्वतःच्या भाकरीवर कोरड्यास नसले तरी आंबोणात हात आखडत नसे. पुढे कोळपणी आणि भांगलण. श्रावणात ओला चारा, बैलांच्या अंगावर चकाकी, आणि श्रावणी अमावास्येला पोळा. दक्षिणेकडे हाच सण बेंदूर म्हणून आधी येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे जुवाखाली सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी किंवा तेल लावून चोळायचे, आणि बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याला त्यांच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण पोट ठेवले, त्याच्या खांद्याची विचारपूस करणारा हा सण आहे. शिंगांना बेगड लावणे हा वरचा भाग.

उत्तरा-हस्ताच्या पावसावर शाळूची पेरणी. दिवाळीच्या सुमारास खरीप घरात येतो, आणि दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला, गाय-वासरापुढे. बळिप्रतिपदेपर्यंत अंगणात शेणाच्या गवळणी मांडल्या जातात. त्याच दिवसांत धनगरांचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात आणि वाटेत रिकाम्या रानांत मुक्काम करतात. मेंढ्या रात्रभर बसवायच्या, लेंडीचे खत घ्यायचे आणि धनगराला धान्य मोजायचे. रान एकाचे, जनावर दुसऱ्याचे, पीक दोघांचे. पुढे हुरडा, माळ्यावरची गोफण, माघ-फाल्गुनात काढणी, आणि मग खळे. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, वावडीवर उभे राहून वाऱ्यावर धान्य उफणले जाते. बलुतेदार खळ्यावर येतात. त्यांना दिल्यावर उरलेले घरचे. जत्रांचा हंगामही हाच. खरसुंडीची, पुसेगावची, पंढरपूरची खिलार जनावरे, मराठवाड्यात माळेगावच्या खंडोबाची देवणी आणि लाल कंधारी. रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरते, शब्द एक नाही. शेतकऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी अशी मुक्याने होत असे.

हे चित्र पाहून जुन्या काळी सारे आबादीआबाद होते असे कोणी समजू नये. या चक्राचा आस फार बारीक होता. एक पाऊस चुकला की कडबा नाही, कडबा नाही की बैल नाही, बैल नाही की पुढचा पाऊस आला तरी पेरणी नाही. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांनी जो घाव घातला, तो असा दुहेरी होता. दुष्काळ सरला असे सरकारी कागदावर लिहिले जाई, पण गोठ्यातला दुष्काळ पुढे कित्येक वर्षे रेंगाळे, कारण वासराला जुवाखाली यायला तीन-चार वर्षे लागतात.

बैल घ्यायचा तर कर्ज, आणि कर्ज म्हणजे सावकार. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ही तारीख शाळेच्या पुस्तकात असते. आम्ही मुलांना ती पाठ करायला लावतो. पण मे महिना म्हणजे काय, हे पुस्तक सांगत नाही. मृग तीन-चार आठवड्यांवर आलेला, बी हवे, वैरण संपलेली, आणि नेमके त्याच वेळी सावकाराचे दार बंद. हे ज्याला कळले त्याला त्या दंग्याचा अर्थ कळला. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला, १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे आणि बैल यांसाठी तगाई मिळू लागली. १९०८ च्या दिवाणी कायद्यात तर साठाव्या कलमाने शेतकऱ्याची औते, बियाणे आणि उपजीविकेला लागणारी जनावरे यांवर जप्ती आणता येणार नाही असे ठरले. रूक्ष कायद्याच्या भाषेतही एवढे मान्य झाले की बैल ही इतर मालमत्तेसारखी मालमत्ता नव्हे. सोने नेले तर माणूस गरीब होतो, बैल नेला तर त्याचा धंदाच नेला.

याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सावकार, भटजी आणि गोरे अंमलदार यांच्यावर कोरडे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. पण जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केल्यामुळे कुणब्याची गुरे कशी उपाशी पडली, हेही त्यांनी तेवढ्याच पोटतिडकीने मांडले आहे. जमिनीचा सारा सगळ्यांना दिसत होता. चाऱ्याची वाट बंद झाली, हे ज्याला दिसले तो गोठ्यात उभा राहून पाहणारा माणूस होता.

दुसरा पाहणारा परका होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ साली त्या गावात सरासरी खाते सुमारे ४० एकरांचे होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. गावातल्या जमिनीचे ७२९ तुकडे झालेले, आणि त्यांतले ४६३ एकराहूनही लहान. आता बैलजोडीचे पोट काही वाटणीबरोबर लहान होत नाही. चाळीस एकरांत जोडी जेवढे खाते तेवढेच ती सात एकरांतही खाते. भावाभावांत जमीन वाटता येते, बैल अर्धा करता येत नाही. लहान शेतकऱ्याची खरी कोंडी इथे आहे. बैल ठेवावा तर तो शेत खातो, विकावा तर शेत जाते.

यंत्रे आली ती या कोंडीवर उतारा म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून लोक तो घेईनात, असे सांगतात. नंतर तोच नांगर घरोघर गेला. पुढे विहिरीवरची मोट गेली. नाडा-सोंदूर, धावेवर मागेपुढे चालणारी जोडी, पहाटेची मोटेची गाणी, सारे इंजिनाच्या आणि विजेच्या पंपाच्या आवाजात विरले. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. पण पाठमोऱ्या चालीने दिवसभर मागे सरणाऱ्या बैलाला विचारले असते तर त्याने इंजिनाच्या बाजूनेच मत दिले असते! १९६४ साली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटके झाले. बायका म्हणाल्या, भाकरीला चव नाही. बैलांनी कडबा तोंडाला लावून बाजूला केला. धान्याचा उतारा मोजणाऱ्यांच्या हिशेबात गव्हाण धरलेलीच नव्हती. मग १९७२ चा दुष्काळ. माणसांना खडी फोडायचे काम मिळाले, सुकडी मिळाली, आणि त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. जनावरे मात्र मिळेल त्या भावाने बाजारात गेली, आणि कित्येक दावणी त्या साली सुटल्या त्या पुन्हा भरल्याच नाहीत.

त्यानंतरची गोष्ट वाचकांच्या डोळ्यांसमोरची आहे. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खाते ४.२८ हेक्टरांचे होते, २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर झाले, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्यासाठी जोडी ठेवणार कोण? ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने येतो आणि निघून जातो. गोठ्यात आता संकरित गाय आहे. १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी जी संस्था काढली, तिने आणि नंतरच्या दूधयोजनांनी लहान शेतकऱ्याला दर आठवड्याला हातात पैसा दाखवला. हा उपकार लहान नव्हे. बैल मात्र उरला तो शर्यतीसाठी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात ती कायम झाली. खिलाराचे भाव पुन्हा चढले. पण शर्यतीचा बैल हा शेतकऱ्याचा बैल नव्हे, हौशीचा आहे. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. तेव्हापासून म्हातारा बैल पोसायचा कोणी, हा प्रश्न ज्याच्या दावणीला तो बांधला आहे त्याच्याच दारात उभा आहे.

आम्ही शिक्षक माणसे या साऱ्याकडे हजेरीपटावरून पाहतो. पूर्वी गुरे राखायला ठेवलेली पोरे शाळेत येत नसत, सुगीत निम्मा वर्ग रिकामा असे. आता वर्ग भरलेला असतो, हे चांगलेच झाले. शेण काढून पाठ मोडलेल्या आयांच्या मुली आज सायकलीने हायस्कुलात जातात, हेही चांगलेच झाले. त्या कष्टांची आरती ओवाळण्याची आम्हांला इच्छा नाही. पण ‘वारंगुळा म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात घातला तर शेतकऱ्यांचीच मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शब्द गेला, कारण व्यवहार गेला. ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले की शेजाऱ्याशी बोलण्याचे कारण उरत नाही. गेल्या काही वर्षांत कर्जापायी ज्यांनी जीव दिले, त्यांच्या घरी सारा नव्हता की सावकार नव्हता याची चौकशी झाली. अडल्या दिवशी ज्याच्या रानात गावाची औते उतरली असती असा काही रिवाज त्या गावात उरला होता काय, ही चौकशी कोणी केली नाही.

बैल परत आणा, असे म्हणण्यात अर्थ नाही. सव्वातीन एकरांवर तो जगणार नाही, आणि त्याला उपाशी ठेवून पोळा साजरा करण्यात पुण्य नाही. मान साहेबांचे पिंपळे सौदागर आज उंच इमारतींचे उपनगर झाले आहे, तिथे वर्षाची नक्षत्रे कोणाला लागतात? पण ट्रॅक्टर चार घरांनी मिळून घेता येतो, दुधाची गाडी गावाने मिळून लावता येते, चाऱ्याचे रान राखून ठेवता येते. जोडी गेली तरी जोडीने राहण्याची रीत ठेवता येते. यंदा वसुबारसेला ज्यांच्या दारी गाय-वासरू असेल त्यांनी दिवा लावावाच. ज्यांची दावण रिकामी असेल, त्यांनी तो शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन लावावा.