उमेदवारीचे पक्षांतर्गत आव्हान : रायपूर व भनपुरी परिसर

एखाद्या मतदारसंघात पक्षाचा आमदार आधीच निवडून आलेला असताना त्याच पक्षातील दुसऱ्या, बहुधा नवख्या, इच्छुकाने पुढच्या निवडणुकीची उमेदवारी मागणे, म्हणजे पक्षांतर्गत आव्हान. अमेरिकेत या स्पर्धेचा निकाल ‘प्रायमरी’ नावाच्या प्राथमिक निवडणुकीत, मतदारांच्या मतांनी लागतो. भारतात तो पक्षाच्या समित्यांत लागतो. त्यामुळे भारतातील विद्यमान आमदार पक्षांतर्गत लढतीत नवख्याकडून सहसा ‘हरत’ नाही. त्याचे तिकीट वरून कापले जाते आणि मोकळी झालेली जागा कोणाच्या तरी वाट्याला येते. ती नवख्यालाच मिळेल, असेही नाही. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्या उत्तरेचा भनपुरी-बिरगाव हा औद्योगिक पट्टा यांचा अलीकडचा राजकीय इतिहास या प्रक्रियेचे जवळजवळ सगळे प्रकार दाखवतो.

भनपुरी रायपूर शहराच्या उत्तर टोकाला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. लाकडाच्या वखारी, लहानमोठे कारखाने आणि मालमोटारींची वर्दळ ही त्याची ओळख. पुढे बिरगाव, उरला आणि सिलतरा ही कारखानदारीची गावे लागतात. बिरगावचा भाग रायपूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात येतो. सिलतऱ्याच्या बाजूला धरसीवा मतदारसंघ सुरू होतो. ‘ग्रामीण’ हे नाव फारसे मनावर घेऊ नये. या मतदारसंघातला मोठा मतदारवर्ग शेतकरी नसून कामगार, वाहतूकदार आणि छोटे व्यापारी असा आहे. साहू समाजाचे वजन मात्र शहराकडे आणि गावाकडे सारखेच जाणवते आणि तिकीटवाटपात ते धरले जातेच.

उमेदवारी मागण्याची रीत पक्षागणिक वेगळी आहे. काँग्रेसने 2023च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, ऑगस्टमध्ये, ब्लॉक काँग्रेस समित्यांकडे इच्छुकांचे अर्ज मागवले. विद्यमान आमदारांनाही त्यातून सूट नव्हती. कागदोपत्री तरी पाच वर्षे सत्तेत असलेला आमदार आणि पहिल्यांदा अर्ज भरणारा कार्यकर्ता एकाच रांगेत आले. अर्ज ब्लॉककडून जिल्ह्याकडे, तिथून प्रदेश समितीकडे, मग छाननी समितीकडे आणि शेवटी केंद्रीय निवडणूक समितीकडे जातात. अर्ज जसजसा वर सरकतो तसतशी स्थानिक कार्यकर्त्याच्या मताची किंमत घटते, सर्वेक्षणाची वाढते. भाजपमध्ये अशी जाहीर अर्जांची पद्धत कमी आणि संघटनेच्या अहवालांवर भर जास्त. याच निवडणुकीत भाजपने 17 ऑगस्ट 2023 रोजी, निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर करण्याच्या बरेच आधी, 21 उमेदवारांची पहिली यादी काढून टाकली. नाराजांची समजूत काढायला वेळ मिळावा, हा अशा घाईचा एक उघड फायदा असतो.

कायद्याच्या लेखी या सगळ्या धावपळीला अस्तित्व नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर पक्षाची निवड पोचते ती दोन कागदांच्या रूपाने, आणि तेही निवडणूक चिन्हे आदेश, 1968 नुसार. महाराष्ट्रात त्यांना एकत्रितपणे ‘एबी फॉर्म’ म्हणतात. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्षाच्या वतीने उमेदवारांची नावे कळवण्याचा अधिकार कोणाला दिला आहे हे लिहिलेले असते आणि त्या व्यक्तीच्या सहीचा नमुना असतो. ‘बी’ फॉर्ममध्ये अधिकृत उमेदवाराचे नाव असते. शेजारी पर्यायी उमेदवाराचा रकाना असतो. मूळ उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर चिन्ह या पर्यायी उमेदवाराकडे जाते. सही शाईचीच लागते, सहीचा शिक्का किंवा फॅक्सची प्रत चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद पोचले नाहीत, तर पक्षाने निवडलेला माणूसही चिन्हाला मुकतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. आमदाराला आव्हान देणाऱ्या नवख्याची सारी लढाई या ‘बी’ फॉर्मवरच्या एका ओळीसाठी असते.

2023मध्ये रायपूर ग्रामीणमध्ये या लढाईचा निकाल घराण्याच्या बाजूने लागला. 2008मध्ये ही जागा भाजपच्या नंदकुमार साहू यांनी जिंकली होती. 2013 आणि 2018मध्ये काँग्रेसचे ज्येष्ठ नेते सत्यनारायण शर्मा निवडून आले. 2023मध्ये काँग्रेसने त्यांच्याऐवजी त्यांचे पुत्र पंकज शर्मा यांना उभे केले. आमदार बदलला, तरी दावेदारी घरातच राहिली. अशा बदलाला पक्षांतर्गत आव्हान म्हणणे कठीण आहे. बाहेरच्या इच्छुकासाठी वाट त्यामुळे आणखी अरुंद होते. भाजपने मोतीलाल साहू यांना उमेदवारी दिली. तेही निवडणुकीला नवे नव्हते. 2018मध्ये ते पाटण मतदारसंघात काँग्रेसचे भूपेश बघेल यांच्याकडून पराभूत झाले होते. रायपूर ग्रामीणमध्ये ते 35 हजारांहून अधिक मतांनी जिंकले आणि पहिल्यांदा विधानसभेत गेले.

शेजारच्या धरसीव्यात चित्र निराळे होते. येथील काँग्रेस आमदार अनिता योगेंद्र शर्मा यांचे पती योगेंद्र शर्मा 2013च्या झीरम घाटीतील नक्षलवादी हल्ल्यात मारले गेले होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अनिता शर्मा भाजपच्या देवजीभाई पटेल यांच्याकडून हरल्या. 2018मध्ये त्यांनी पटेल यांनाच हरवले. 2023मध्ये काँग्रेसने अनिता शर्मा यांचे तिकीट कापले. जागा मिळाली ती माजी राज्यसभा सदस्य छाया वर्मा यांना, म्हणजे आमदाराच्या जागी आल्या त्या त्यांच्याहून वरच्या पायरीवरच्या नेत्या. खरा नवखा भाजपने आणला. ‘मोर छंइहा भुंइया’ या 2000 सालच्या गाजलेल्या छत्तीसगडी चित्रपटाचे नायक, पद्मश्री अनुज शर्मा यांना पक्षाने रिंगणात उतरवले आणि ते 44 हजारांवर मतांनी विजयी झाले. पोस्टरवरचा चेहरा आधीच घरोघरी ठाऊक असेल, तर नवखेपणाचा तोटा जवळजवळ उरत नाही. असा उमेदवार ब्लॉक समितीच्या रांगेतून क्वचितच येतो. त्याला पक्ष स्वतः बोलावतो, आणि वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या स्थानिक इच्छुकाला सर्वांत जास्त झोंबते ते हेच.

रायपूर उत्तरमध्ये तिसरा प्रकार दिसला. काँग्रेसने विद्यमान आमदार कुलदीप जुनेजा यांनाच पुन्हा उमेदवारी दिली. तिकिटाचे दावेदार असलेले पक्षाचे नगरसेवक अजित कुकरेजा यांनी बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरला. पक्षाने मतदारांपर्यंत पोचू न दिलेले पक्षांतर्गत आव्हान अशा वेळी थेट सार्वत्रिक निवडणुकीत उतरते आणि एका अर्थाने प्राथमिक फेरी व मुख्य फेरी एकाच दिवशी होतात. लाभ तिसऱ्याला झाला: भाजपचे पुरंदर मिश्रा निवडून आले. म्हणूनच अर्ज मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत पक्षनेते बंडखोरांच्या घरी मनधरणी करत फिरतात.

राज्यभरात त्या वर्षी काँग्रेसने आपल्या 22 विद्यमान आमदारांना उमेदवारी नाकारली. सरकारविषयीची नाराजी आमदारापुरती मर्यादित ठेवून त्याच्या जागी नवा चेहरा दिला की ती निवळेल, हा यामागचा हिशेब. तो चुकला. 90 जागांच्या सभागृहात भाजपला 54 आणि काँग्रेसला 35 जागा मिळाल्या. याच निवडणुकीतला सर्वांत गाजलेला नवखा मात्र पक्षांतर्गत स्पर्धेतून आलाच नव्हता. साजा मतदारसंघात भाजपने मजुरी करणारे ईश्वर साहू यांना उभे केले. एप्रिल 2023मध्ये बिरनपूरच्या जातीय हिंसाचारात त्यांचा मुलगा मारला गेला होता. त्यांनी सात वेळा आमदार राहिलेले मंत्री रवींद्र चौबे यांचा 5,196 मतांनी पराभव केला.

सर्व विद्यमानांना एकदम बाजूला सारण्याचा प्रयोग भाजपने छत्तीसगडमध्ये 2019च्या लोकसभा निवडणुकीत करून पाहिला होता. राज्यातील पक्षाच्या दहाही विद्यमान खासदारांना तिकीट नाकारण्यात आले. त्यांत रायपूरचे सात वेळा निवडून आलेले रमेश बैस होते, जे पुढे त्रिपुरा, झारखंड आणि 2023-24मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्या जागी रायपूरचे माजी महापौर सुनील सोनी आले आणि सुमारे साडेतीन लाख मतांनी जिंकले. पक्षाने 11 पैकी 9 जागा मिळवल्या. सोनींनी बैस यांना कोणत्याही बैठकीत हरवले नव्हते. सरसकट कात्री लागली तेव्हा ते योग्य जागी उभे होते. 2024मध्ये तीच कात्री त्यांच्यावर आली. लोकसभेची उमेदवारी आठ वेळा आमदार झालेले ब्रिजमोहन अग्रवाल यांना मिळाली. अग्रवाल खासदार झाल्याने रायपूर दक्षिणची विधानसभा जागा मोकळी झाली आणि नोव्हेंबर 2024च्या पोटनिवडणुकीत सोनी तिथून आमदार झाले. नवखा म्हणावा असा उमेदवार या वेळी समोर होता: युवक काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष आकाश शर्मा. ते पराभूत झाले.

उमेदवारी मतदानाने ठरवण्याचा भारतातला ठळक प्रयत्न राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने 2014च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी केला. देशातील निवडक मतदारसंघांत पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी मतदान करून उमेदवार निवडला. मतदारयादी पक्षाची, म्हणजे अमेरिकेच्या तुलनेत फारच लहान होती. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे हा प्रयोग झाला. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस असा सामना होऊन मेघे निवडले गेले. दोन राजकीय घराण्यांमधल्या या लढतीत नवख्या कार्यकर्त्याला वाव कुठे होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. लातुरात दत्तात्रय बनसोडे यांना उमेदवारी मिळाली. दोघेही मुख्य निवडणुकीत भाजपकडून हरले. बडोद्यात प्रयोगाची मर्यादा आणखी स्पष्ट झाली. तिथे पक्षांतर्गत मतदानात निवडले गेलेले नरेंद्र रावत यांनी, नरेंद्र मोदी त्या जागेवर उभे राहिल्यावर, पक्षाचे नेते मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी उमेदवारी सोडली. प्रयोग पुढे रुजला नाही.

याउलट अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 1903मध्ये प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला आणि पक्षाच्या बंद खोलीतली निवड मतदारांकडे गेली. तिथे आमदाराला आव्हान देणाऱ्याला श्रेष्ठींची परवानगी लागत नाही. ठरावीक सह्या किंवा शुल्क आणि मुदतीत भरलेला अर्ज पुरतो. केंटकी राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी मे 2018मध्ये झालेल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्थलांतरविषयक वकिली करणाऱ्या, राजकारणात नव्या असलेल्या निमा कुलकर्णी यांनी दोन दशके आमदार राहिलेले डेनिस हॉरलँडर यांना हरवले आणि पुढे त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या भारतीय वंशाच्या सदस्य ठरल्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांची वाट वेगळी होती. 2018मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते तिसरे आले, 2020मध्ये राज्य प्रतिनिधिगृहात आणि 2022मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचले. 2024च्या प्रायमरीत आता विद्यमान सदस्य म्हणून त्यांनाच स्वपक्षातून आव्हान मिळाले. ते त्यांनी परतवले.

भारतात पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 29-अ नुसार होते, पण उमेदवार कसा निवडावा यावर तो कायदा मौन पाळतो. विधि आयोगाने 1999च्या 170व्या आणि 2015च्या 255व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदेशीर तरतुदी सुचवल्या. पक्षाच्या निवडीत कायद्याचा हात पोचतो तो एकाच बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 फेब्रुवारी 2020च्या आदेशानुसार, फौजदारी खटले प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिल्यास पक्षाने त्या निवडीची आणि स्वच्छ प्रतिमेचा दुसरा उमेदवार का घेतला नाही याची कारणे जाहीर करावी लागतात, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. त्यासाठीचा नमुना ‘सी-7’ या नावाने ओळखला जातो. खटला नसलेला आमदार पुन्हा उभा करताना किंवा त्याचे तिकीट कापून दुसऱ्याला देताना पक्षाला असे कोणतेही कारण लिहावे लागत नाही.