होल्डन कॉलफील्डचें सोळावें वर्ष

सोळा वर्षांचा झालेला पुत्र मित्राप्रमाणें मानावा, असें आमचे सुभाषितकार सांगून गेले आहेत. आधीं लाड, मग ताडन, हा त्यापूर्वींचा क्रम घरोघर बिनचूक पाळला जातो. परंतु सोळाव्या वर्षीं पित्यानें मित्र व्हावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें बहुतेक पित्यांस ठाऊक नसतें, आणि मुलगाही तें सांगूं शकत नाहीं. जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा नायक असाच एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. १६ जुलै १९५१ रोजीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक तारुण्याच्या बंडाची पोथी म्हणून जगभर ओळखलें जातें. ही ओळख अपुरी आहे, असें आमचें मत आहे. आणि तें मत रसिकतेपेक्षां इतिहासाच्या आधारें बनलेलें आहे.

कथानक थोडक्यांत सांगावयाचें तर होल्डन कॉलफील्ड हा पेनसिल्व्हेनियांतील एका श्रीमंत शाळेंतून चार विषयांत नापास झाल्यामुळें काढून टाकला जातो. नाताळची सुटी लागण्यापूर्वींच, शनिवारीं रात्रीं तो शाळा सोडतो, न्यूयॉर्क शहरीं येतो. पण घरीं न जातां सोमवारपर्यंत हॉटेलें, नाट्यगृहें, उद्यानें यांतून भटकत राहतो. वडील माणसें त्याला ढोंगी दिसतात. सेंट्रल पार्कमधील तळें गोठलें म्हणजे तेथील बदकें कोठें जातात, हा प्रश्न तो एकामागून एक दोन टॅक्सीवाल्यांस विचारतो. एकाला तो वेडगळ वाटतो, दुसरा चिडून बदकांऐवजीं माशांविषयींच बोलूं लागतो. ही सर्व हकीकत होल्डन पुढें एका आरोग्यधामांतून आपणांस सांगत आहे.

आतां ज्या वयाची ही गोष्ट आहे, त्या वयालाच एक इतिहास आहे. बालपण संपलें पण मोठेपण आलें नाहीं, असा पांचसहा वर्षांचा स्वतंत्र टप्पा पूर्वीं अमेरिकेंतही सर्वांच्या वांट्यास येत नसे. शेतकऱ्याचा किंवा कामगाराचा मुलगा चौदाव्या वर्षींच कामास लागे. १९०४ मध्यें जी. स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञानें या वयावर दोन जाड खंड लिहिले, तेव्हां तो विषय विद्वानांस नवा होता. १९१० च्या सुमारास अठरा वर्षांच्या शंभर मुलांपैकीं जेमतेम नऊदहा हायस्कुलाचा अभ्यास पुरा करीत. १९४० पर्यंत तो आंकडा पन्नाशीस पोंचला. १९३८ च्या कायद्यानें बालमजुरीस आळा घातला. व्यापाऱ्यांच्या दृष्टींतूनही हें नवें गिऱ्हाईक सुटलें नाहीं. ‘टीनएजर’ हा शब्द रूढ झाला, आणि १९४४ च्या सप्टेंबरांत ‘सेव्हन्टीन’ नांवाचें मासिक खास कुमारिकांसाठीं निघालें.

परंतु या रक्षिलेल्या वयाचा दुसरा दरवाजा कोठें उघडत होता, तेंही पाहिलें पाहिजे. १९४२ च्या नोव्हेंबरांत सक्तीच्या लष्करभरतीचें वय अठरावर आणलें गेलें. ज्या राष्ट्रानें मुलांस कारखान्यापासून दूर ठेवून शाळेंत बसविलें, त्याच राष्ट्रानें तीं अठराव्या वर्षीं रणांगणावर पाठविलीं. एखादें पिढीजात वैर असावें तशी मोठ्यांच्या जगाविषयींची जी अढी होल्डनच्या बोलण्यांत आढळते, तिचा उगम शोधतांना टीकाकार या गोष्टीकडे फारसे वळत नाहींत.

सॅलिंजर यांचें स्वतःचें चरित्र मात्र आपणांस तिकडेच नेतें. होल्डनविषयींची त्यांची पहिली कथा ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानें १९४१ मध्यें स्वीकारली होती. डिसेंबरांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि युद्धाच्या दिवसांत एका चैनींत वाढलेल्या मुलाची कुरकुर छापणें प्रशस्त न वाटल्यामुळें ती तशीच पडून राहिली. ती छापली गेली १९४६ च्या डिसेंबरांत. मधल्या काळांत लेखक सैन्यांत शिरले. ६ जून १९४४ रोजीं चौथ्या डिव्हिजनबरोबर ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या वेळीं होल्डनसंबंधीं लिहिलेले कांहीं कागद त्यांच्याजवळ होते, असें सांगतात. पुढें ह्युर्टगेनच्या अरण्यांतील भयंकर लढाई त्यांनीं पाहिली, आणि युद्ध संपल्यावर १९४५ मध्यें मनाच्या थकव्यामुळें त्यांस न्यूरेंबर्ग येथें रुग्णालयांत राहावें लागलें.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि या लेखाचें प्रयोजनच ती आहे. १९४४ च्या जुलैंत ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या पत्रांत आलेल्या सॅलिंजर यांच्या एका कथेंत होल्डनचा थोरला भाऊ आपला धाकटा भाऊ युद्धांत बेपत्ता झाल्याचें सांगतो. तो धाकटा भाऊ म्हणजे होल्डन. १९४५ मधील दुसऱ्या एका कथेंत हाच भाऊ, त्याचें नांव व्हिन्सेंट आहे, पावसांत लष्करी मोटारींत बसून त्या बेपत्ता पोराच्या आठवणीनें कासावीस होतो. म्हणजे कादंबरी लिहिली जाण्यापूर्वीं होल्डन एकदां हरवून गेला होता! लेखकानें त्यास पुन्हां सोळा वर्षांचा केला, युद्ध संपल्यावरच्या न्यूयॉर्कमध्यें आणून सोडला, आणि बेपत्ता होण्याचें काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोंपविलें.

तो दुसरा कोणी म्हणजे ॲली. होल्डनचा हा धाकटा भाऊ १८ जुलै १९४६ रोजीं रक्ताच्या कर्करोगानें वारला, असें कादंबरींत सांगितलें आहे. बेसबॉल खेळतांना मैदानांत कंटाळा येऊं नये म्हणून त्यानें आपल्या हातमोज्यावर हिरव्या शाईनें कविता लिहून ठेवल्या होत्या. तो गेला त्या रात्रीं तेरा वर्षांच्या होल्डननें गॅरेजच्या सर्व काचा मुठीनें फोडल्या; तो हात पावसाळी हवेंत अजून दुखतो, आणि मूठ नीट वळत नाहीं. प्रेतयात्रेस त्यास जातां आलें नाहीं, कारण तो रुग्णालयांत होता. संबंध पुस्तक या न वळणाऱ्या मुठीनें लिहिलें आहे. ज्यास आपण बंड म्हणतों, तें पुष्कळसें सुतक आहे, आणि तें फेडण्याचा विधि कोणीं त्या मुलास सांगितलाच नाहीं.

युद्ध पुस्तकांत डोकावतें तें एकदोन वेळांच. थोरला भाऊ डी. बी. हा चार वर्षें सैन्यांत होता. रजेवर घरीं आला म्हणजे तो नुसता बिछान्यावर पडून राही. युद्धावरची उत्तम कविता रूपर्ट ब्रूकची कीं एमिली डिकिन्सनची, असें त्यानें विचारलें असतां ॲलीनें डिकिन्सनचें नांव घेतलें. जी बाई आपल्या घराबाहेर क्वचितच पडली, तिचें! या उत्तराचा मर्म जाणण्यास रणांगण पाहिलेलाच मनुष्य पाहिजे.

पुस्तक निघालें तेव्हां कोरियांत युद्ध चालू होतें, आणि तें वाचणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांस लष्कराचें बोलावणें येणार होतें. मोठ्यांना मात्र त्यांतील शिव्या दिसल्या. १९६० मध्यें टल्सा येथें एका शिक्षकास तें वर्गांत नेमल्यावरून बडतर्फ करण्यांत आलें. अपील केल्यावर त्यास नोकरी मिळाली, पुस्तक मात्र शाळेबाहेरच राहिलें. आमच्या वर्गांतील मुलें या हकीकतीवर मनमुराद हंसतात, आणि नंतर ॲलीचें प्रकरण वाचतांना एकदम गप्प होतात.

मराठी वाचकांस येथें भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) आठवण होणें साहजिक आहे. दोन्ही पुस्तकांची तुलना वारंवार होते, ती बहुधा निवेदनाच्या बेफिकीर ढंगावरून. आमच्या मतें खरें साम्य खोल आहे: पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते, आणि त्यानंतर त्याचें बोलणें पूर्वींचें राहत नाहीं. पण भेदही तितकाच मोठा. पांडुरंगास भांडावयास बाप आहे. हिशेब मागणारा, घर चालविणारा, अंगावर येणारा बाप. होल्डनचा वकील बाप पुस्तकांत एकदांही समोर येत नाहीं. मित्र नाहीं तर नाहीं, शत्रु म्हणूनही तो उपलब्ध नाहीं. वडील माणूस म्हणून भेटतात ते मास्तर: एक स्पेन्सर, जे तापानें फणफणत असतांही नापास पेपर मोठ्यानें वाचून दाखवितात, आणि दुसरे अँटोलिनी, ज्यांच्या उपदेशांत कळकळ आहे, पण ज्यांचा हात अपरात्रीं झोंपलेल्या होल्डनच्या मस्तकावर फिरतो आणि तो घाबरून पळ काढतो. त्या हाताचा हेतु काय, हें लेखकानें उघड केलेलें नाहीं, आणि होल्डनही पुढें त्याविषयीं साशंक होतो.

राहिली ती दहा वर्षांची बहीण फीबी. राईच्या शेतांत खेळणारीं मुलें कड्यावरून खालीं पडूं लागलीं तर त्यांस झेलावें, हेंच काय तें आपणांस आवडेल, असें होल्डन तिला सांगतो. बर्न्सच्या ज्या गीतावरून ही कल्पना त्यानें घेतली, त्यांतील शब्द त्यानें चुकीचे ऐकले आहेत, हें ती पोर तत्काळ दाखवून देते. दुसऱ्या दिवशीं ती चक्री घोड्यांवर बसते. तेथें सोनेरी कडी पकडण्यासाठीं मुलें बाजूस वांकतात, आणि पडण्याचा धोका असतो. होल्डन तिला थांबवीत नाहीं. पडलीं तर पडूं द्यावीं, पण त्यांस कांहीं म्हणूं नये, असें त्याच्या मनांत येतें. मुसळधार पाऊस पडतो, इतर आईबाप छपराखालीं धांवतात, आणि हा बांकावर भिजत बसून तिच्याकडे पाहत राहतो.

सॅलिंजर यांनीं १९६५ नंतर कांहींच प्रसिद्ध केलें नाहीं. २००९ मध्यें एका स्वीडिश लेखकानें होल्डनसारख्या शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यास नायक करून कादंबरी लिहिली, तेव्हां मात्र नव्वदीच्या या गृहस्थांनीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावला. प्रथम मनाई हुकूम मिळाला, वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला, आणि अखेर २०११ मध्यें वाद तडजोडीनें मिटला. तोपर्यंत लेखक २७ जानेवारी २०१० रोजीं निवर्तले होते.