उघडी बैठक ते केबिन : लहान ट्रॅक्टरच्या चालकाचा इतिहास

ट्रॅक्टरच्या इतिहासात इंजिनाची ताकद, चाकांची घडण आणि अवजारे उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा यांविषयी विपुल लेखन झाले आहे, परंतु तो हाकणारा माणूस कोठे बसत होता आणि त्या जागी त्याच्या देहाचे काय होत होते, याकडे अभ्यासकांचे लक्ष बरेच उशिरा गेले. आरंभीच्या काळात ट्रॅक्टर म्हणजे घोड्यांच्या जोडीचा पर्याय एवढीच कल्पना होती आणि नांगरामागे चालणाऱ्या माणसाला ऊन-पावसापासून आडोसा द्यावा असे जसे कोणाला वाटले नव्हते, तसेच ते यंत्रावर बसणाऱ्याबाबतही वाटले नाही. बसण्याची जागासुद्धा घोड्यांच्या अवजारांवरूनच उचललेली होती : गवत कापण्याच्या यंत्रावर असे तशीच, दाबून खोलगट केलेल्या आणि भोके पाडलेल्या पत्र्याची बैठक पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर बसवली जाई. १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवेचे रबरी टायर शेतीच्या ट्रॅक्टरला बसवून दाखवीपर्यंत चाकेही दातेरी लोखंडाची असत आणि जमिनीचा प्रत्येक हिसका थेट चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचे.

या उघड्या बैठकीचा सर्वांत मोठा धोका मात्र ऊन किंवा थंडी हा नव्हता. १९१७ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेला फोर्डसन हा हलका आणि स्वस्त ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आला, आणि त्याच्याबरोबरच मागच्या बाजूला पालथे होण्याचा अपघात शेतीत रुळला. त्याची कारणमीमांसा सोपी आहे. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळीत अडकला आणि मागची चाके जमिनीत रुतली की इंजिनाचा जोर चाकांना फिरवू शकत नाही. तोच जोर मग मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरचे धडच वर उचलू लागतो, पुढची चाके अधांतरी होतात आणि दीड-एक सेकंदात सबंध यंत्र चालकावर येऊन आदळते. क्लच दाबण्याचे भान येण्याइतकाही अवधी त्यात मिळत नाही. फोर्डसनच्या मडगार्डांना नंतर मागील बाजूस लांब शेपट्या जोडण्यात आल्या, जेणेकरून ट्रॅक्टर उलटू लागताच त्या जमिनीवर टेकाव्यात. चालकाच्या रक्षणासाठी यंत्राच्या बांध्यातच केलेली ही एक अगदी जुनी तरतूद म्हणता येईल.

सुखसोयींच्या मार्गाने केबिन आणण्याचा प्रयत्न याच काळात झाला आणि तो फसला. अमेरिकेतील मिनियापोलिस-मोलीन कंपनीने १९३८ साली ‘यूडीएलएक्स’ नावाचा, ‘कम्फर्टट्रॅक्टर’ या टोपणनावाने गाजलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याला मोटारीसारखी पूर्ण बंद केबिन होती. आत हीटर, रेडिओ आणि काच पुसणारे वायपर होते. रस्त्यावर तो ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने धावू शकत असे. दिवसा नांगरट करावी आणि संध्याकाळी त्याच वाहनाने सपत्नीक गावात जावे, असे त्याच्या जाहिरातदारांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्याची किंमत दोन हजार डॉलरच्या वर होती आणि मंदीच्या दशकातून जेमतेम सावरणाऱ्या शेतकऱ्याला काचेच्या पेटीसाठी एवढी रक्कम मोजणे ही चैन वाटली. जवळपास दीडशे नगांच्या पलीकडे त्याचे उत्पादन गेले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे थंड प्रदेशातील शेतकरी हिवाळ्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाड कापड बांधून त्याची ऊब आपल्याकडे वळवून घेत राहिले, आणि उत्पादकांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की चालकाला याहून अधिक काही नको आहे. हा निष्कर्ष चुकीचा होता असे आज म्हणावे लागते, कारण चालकाला काय हवे याचे मोजमाप तेव्हा केवळ तो किती पैसे काढायला तयार आहे यावरून होत होते.

हे मोजमाप बदलले ते स्वीडनमध्ये, आणि तेही आराम नव्हे तर मृत्यू मोजून. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शेतीत आणि जंगलतोडीत ट्रॅक्टर झपाट्याने वाढले, आणि त्याबरोबर त्यांच्याखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्याही वाढली. या अपघातांच्या अभ्यासातून एक साधी गोष्ट स्पष्ट झाली : ट्रॅक्टर उलटणे पूर्णपणे थांबवता येत नाही, परंतु तो उलटल्यावरही चालकाभोवती थोडी पोकळी शाबूत राहिली तर माणूस वाचतो. त्यासाठी लागणाऱ्या पोलादी सांगाड्याला पुढे कारखानदारीत ‘रॉप्स’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले. मराठीत त्याला संरक्षक चौकट म्हणता येईल. ही चौकट पुरेशी मजबूत आहे की नाही हे ठरवण्यासाठी साखळीने टांगलेला जड ठोकळा झोक्याने तिच्यावर आदळवण्याची चाचणी तयार करण्यात आली, आणि १९५९ साली स्वीडनने नव्याने विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरना अशी चौकट किंवा तितकीच भक्कम केबिन सक्तीची केली. परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा होता. १९६० च्या सुमारास दर लाख ट्रॅक्टरमागे उलटण्यामुळे होणारे मृत्यू सतराच्या आसपास होते. १९९० पर्यंत हे प्रमाण एकाच्याही खाली आले. शेतीच्या यंत्रांबाबत केलेल्या एखाद्या कायद्याने इतके निर्विवाद फळ दिल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

ब्रिटनने हाच मार्ग काही वर्षांनी धरला, पण तेथे एक विचित्र उपद्रव उद्भवला. १९६७ च्या नियमांनुसार १ सप्टेंबर १९७० पासून नव्या ट्रॅक्टरना सुरक्षित केबिन बंधनकारक झाली, तेव्हा अनेक उत्पादकांनी जुन्याच आराखड्याच्या ट्रॅक्टरवर पत्र्याच्या केबिन वरून बोल्टने आवळून बसवल्या. गिअरबॉक्स आणि मडगार्ड यांना थेट जखडलेला तो पत्रा इंजिनाच्या कंपनांनी ढोलासारखा घुमू लागला. उघड्यावर चौफेर विरून जाणारा आवाज आता चालकाच्या कानाशी कोंडला गेला, आणि मरणापासून वाचलेला माणूस बहिरा होऊ लागला. या अनुभवातून दुसरा नियम आला : चालकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलपेक्षा अधिक असू नये. १९७६ पासून ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या ज्या केबिन ‘क्यू कॅब’ म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांचा जन्म या नियमातून झाला. त्या ट्रॅक्टरच्या धडावर रबरी बैठकांवर तरंगत्या ठेवलेल्या असत आणि त्यांची जमीन व भिंती आवाज शोषणाऱ्या थराने मढवलेल्या असत. केबिन ही वरून ठेवण्याची पेटी नसून ट्रॅक्टरच्या मूळ आराखड्याचाच भाग असली पाहिजे, हे तत्त्व येथे पक्के झाले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९७२ साली ‘साउंड-गार्ड’ नावाने आणलेल्या केबिनमध्ये तेच दिसते : चौकट, आवाजरोध आणि गाळलेल्या हवेचा किंचित वाढीव दाब, ज्यामुळे फटींतून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते, हे सारे एकाच रचनेत गुंफलेले होते. त्याआधी १९६६ मध्ये याच कंपनीने आपली दोन खांबांची संरक्षक चौकट बाजारात आणून तिचे हक्क इतर उत्पादकांनाही मोकळे केले होते, ही बाब व्यापाराच्या इतिहासात दुर्मीळ म्हणून नोंदवण्याजोगी आहे.

येथपर्यंतचा इतिहास मोठ्या ट्रॅक्टरचा आहे. लहान ट्रॅक्टर त्यातून कसा वगळला गेला, हे अमेरिकेच्या नियमांतील अपवाद पाहिले की कळते. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या आणि २० अश्वशक्तीहून अधिक ताकदीच्या ट्रॅक्टरवर पगारी कामगार बसत असेल तर चौकट आणि बैठकीला सुरक्षा पट्टा हवा, असा तेथील नियम होता. म्हणजे २० अश्वशक्तीच्या आतला ट्रॅक्टर बाहेर, स्वतःच्या शेतात स्वतः राबणारा मालक बाहेर; आणि फळबागा, द्राक्षमळे अशा ठिकाणी जेथे वरची फांदी किंवा मांडव आड येतो, तेथे वापरले जाणारे ठेंगणे ट्रॅक्टरही बाहेर. कायद्याने मजुराचा जीव मालकाच्या हवाली होऊ दिला नाही, पण मालकाचा जीव मालकावरच सोडला, आणि लहान ट्रॅक्टर तर बहुधा मालकच हाकत असे. १९८५ पासून अमेरिकी उत्पादकांनी २० अश्वशक्तीवरील प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला आपणहून चौकट देण्याचे ठरवल्यावरच ही फट काही प्रमाणात बुजली.

‘कॉम्पॅक्ट’ म्हणून ओळखला जाणारा लहान ट्रॅक्टर अमेरिकेत प्रामुख्याने जपानी भातशेतीतून गेला. कुबोटा कंपनीने १९६९ साली एल २०० हा २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तेथे विकायला ठेवला. पुढे खुद्द जॉन डिअरनेही आपले ८५० आणि ९५० हे लहान ट्रॅक्टर जपानच्या यानमार कंपनीकडून बनवून घेतले. त्यांचा ग्राहक दोन-पाच एकरांवर घर बांधून राहणारा, गवत कापणारा, हिवाळ्यात बर्फ हटवणारा माणूस होता. त्याला केबिनची गरज नव्हती असे नाही. समोरच्या यंत्राने उडवलेला बर्फ वाऱ्याबरोबर तोंडावर येतो तेव्हा काचेचे मोल कोणालाही पटते. अडचण मापांची होती. अमेरिकी घराच्या गॅरेजचा दरवाजा सहसा सात फूट, म्हणजे सुमारे २.१३ मीटर उंच असतो आणि केबिनचा लहान ट्रॅक्टर त्यातून कसाबसा जातो किंवा जातच नाही. उघड्या ट्रॅक्टरची चौकट मात्र बिजागरीवर मागे दुमडता येते. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाची जी ताकद खातो ती शंभर अश्वशक्तीत जाणवत नाही, पंचविसात जाणवते. केबिनच्या वजनाने गुरुत्वमध्य वर सरकतो, झाडाखाली काच आणि आरसे फुटतात, आणि किमतीत काही हजार डॉलरांची भर पडते. म्हणून कित्येक वर्षे लहान ट्रॅक्टरच्या मालकांनी कापड आणि पारदर्शक प्लास्टिकच्या सुट्या केबिनवर भागवले. कारखान्यातूनच केबिन बसवून येणारे लहान ट्रॅक्टर बाजारात सर्रास दिसू लागले ते एकविसाव्या शतकात. दुमडत्या चौकटीने एक नवा घातक प्रकार मात्र जन्माला घातला : गॅरेजसाठी दुमडलेली चौकट पुन्हा उभी न करताच माणसे उतारावर जाऊ लागली. सरळ उभी चौकट आणि बांधलेला पट्टा ही जोडी उलटण्यातील जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळू शकते. दुमडलेली चौकट काहीच टाळत नाही, आणि चौकट दुमडलेली असताना पट्टा बांधणे तर उलट घातक ठरते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दुहेरी आहे. मुंबईच्या कांदिवलीत १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवू लागलेल्या महिंद्र समूहाने १९९४ मध्ये अमेरिकेत विक्री सुरू केली आणि आज तो तेथील घरमालकांना केबिनचे लहान ट्रॅक्टरही विकतो. पुण्याजवळच्या सणसवाडीतून जॉन डिअरचे ट्रॅक्टर परदेशी जातात. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत फिरणारा, ‘मिनी ट्रॅक्टर’ म्हणून ओळखला जाणारा अठरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बहुधा उघडाच असतो, आणि त्याला कारण तेच आहे जे अमेरिकी नियमाने अपवाद म्हणून मान्य केले होते : पुरुषभर उंचीच्या मांडवाखाली केबिन शिरत नाही. येथे धोका उलटण्याइतकाच फवारणीचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरी या रोगांसाठी वारंवार औषधे मारावी लागतात, ट्रॅक्टरमागे जोडलेला ब्लोअर औषधाचे धुके उडवतो, आणि वारा फिरला की ते चालकाच्या अंगावर येते. शिवाय या बागांत ट्रॅक्टरवर बसणारा पुष्कळदा मालक नसून सालगडी किंवा रोजंदारीचा माणूस असतो. म्हणून मालकाने आपल्या जिवाचे आपण पाहावे, ही अमेरिकी सबब येथे लागू पडत नाही.

वाय आकाराच्या ताणांवर वेल चढवलेल्या बागांत मधला पट्टा वरून मोकळा राहतो आणि तेथे अरुंद केबिनचा ट्रॅक्टर नेणे शक्य आहे. अशी केबिन घेणाऱ्या बागायतदाराने एक तपशील ध्यानात ठेवावा. युरोपातील २००९ च्या मानकानुसार केबिनचे चार दर्जे आहेत : पहिला कोणतेच ठरावीक संरक्षण देत नाही, दुसरा फक्त धूळ अडवतो, तिसरा धुळीबरोबर फवाऱ्याचे सूक्ष्म थेंबही अडवतो, आणि कार्बनची गाळणी असलेला चौथाच तेवढा औषधाची वाफ रोखतो. वातानुकूलनाने थंड झालेली हवा गाळलेली असतेच असे नाही. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला हा दर्जा विचारावा, आणि तो चौथा नसेल तर काच बंद असली तरी चालकाला औषधासाठीचा मास्क आणि हातमोजे द्यावेत.