जुनी क्रूझर घेताना आणि सजवताना

पुढे ताणलेले पाय, सैल पडलेले हात, जमिनीलगतचे आसन आणि संथ लयीत चालणारे इंजिन, अशी क्रूझर मोटारसायकलची ठेवण असते. भारतातील मध्यमवर्गीय दुचाकीस्वाराला या ठेवणीची खरी ओळख झाली ती २००१ साली, बजाजने कावासाकीच्या सहकार्याने आणलेल्या १७५ सीसीच्या 'एलिमिनेटर'मुळे. २००२ मध्ये रॉयल एन्फिल्डची 'थंडरबर्ड' आली. त्याच सुमारास यामाहाची १२५ सीसीची 'एन्टायसर' रस्त्यावर दिसू लागली. एलिमिनेटर देखणी होती, पण महाग होती. २००५ मध्ये बजाजने तेच रूप कायम ठेवून पल्सरच्या घराण्यातील १८० सीसीचे इंजिन बसवले, किंमत खाली आणली आणि 'अ‍ॅव्हेंजर' हे नाव घरोघरी पोहोचले. पुढे २००७ मध्ये २०० आणि २०१० मध्ये २२० सीसीची अ‍ॅव्हेंजर आली.

या गाड्यांपैकी बहुतेक आता दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. नवी क्रूझर परवडत नाही म्हणून, किंवा जुनीच गाडी घेऊन तिला आपल्या मनासारखे रूप द्यावे या हौसेने, अनेक तरुण (आणि चाळिशी ओलांडलेले काही हौशीही) या बाजारात शिरतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होतात. आधी हँडल आणि सायलेन्सर बदलला जातो, मग इंजिन उघडावे लागते आणि शेवटी कळते की गाडी अजून कायद्याने आपल्या नावावरच नाही.

कोणती गाडी निवडावी

रूपाइतकाच सुट्या भागांचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. २२० सीसीच्या अ‍ॅव्हेंजरचे इंजिन पल्सर २२० च्या जातकुळीतले असल्याने तिची दुरुस्ती कोणत्याही गावातील मेकॅनिक करू शकतो. एलिमिनेटरची गोष्ट वेगळी आहे. तिचे इंजिनाचे भाग शोधावे लागतात, आणि पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात चकरा मारण्याची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जावे. एन्टायसर वजनाला हलकी आणि नवशिक्याला सोयीची आहे. मात्र १२५ सीसीच्या इंजिनाकडून घाटात दोघांना घेऊन चढण्याची अपेक्षा धरू नये.

थंडरबर्डमध्ये पिढीचा फरक नीट समजून घ्यावा. सुरुवातीच्या गाड्यांत ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेले 'लीन बर्न' इंजिन होते. २००८-०९ च्या सुमारास त्याजागी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले 'यूसीई' इंजिन आले. दुसऱ्या पिढीतील गाडी तेलगळतीच्या दृष्टीने बरी आणि भागांच्या दृष्टीने सोपी आहे. तिचा ठाऊक असलेला दोष म्हणजे सेल्फ स्टार्टरचा स्प्रॅग क्लच. बॅटरी अर्धवट असताना बटण दाबत राहण्याच्या सवयीने तो बिघडतो, आणि तो बदलण्यासाठी इंजिनाची बाजू उघडावी लागते. थंडरबर्डचे उत्पादन २०२० मध्ये थांबले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिची जागा 'मीटिओर ३५०'ने घेतली.

गाडी पाहण्याची रीत

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला एकच विनंती करावी: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम इंजिनाला हात लावावा. ते कोमट लागले, तर काहीतरी झाकले जात आहे असे समजायला हरकत नाही. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना टायमिंग चेनची खडखड ऐकू येते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो की नाही हे दिसते आणि बॅटरीची ताकदही कळते. २२० च्या अ‍ॅव्हेंजरला किक नाही. त्यामुळे या गाडीची बॅटरी आणि चार्जिंग तपासणे अगत्याचे आहे. गाडी ऐन रात्री घाटात बंद पडली, तर धक्का मारण्यावाचून उपाय उरत नाही.

यानंतर सांगाड्याकडे वळावे. गाडी सरळ उभी करून दोन्ही चाकांच्या बाजूने एक लांब सुतळी ताणून धरावी. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असल्याने सुतळीपासून दोन्हीकडे अंतर सारखे नसेल, पण डाव्या आणि उजव्या बाजूंनी घेतलेली मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळली नाहीत, तर सांगाडा, फोर्क किंवा मागचा स्विंगआर्म यांपैकी काहीतरी वाकलेले आहे, किंवा किमान मागचे चाक तिरपे बसवलेले आहे. हँडलखालच्या नळीजवळ, जेथे सांगाड्याचे पाइप एकत्र येतात, तेथे रंगाचा जाड थर, ताजे वेल्डिंग किंवा सुरकुत्या दिसल्यास गाडी समोरून आदळलेली असण्याची शक्यता असते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

मधल्या स्टँडवर, किंवा ते नसल्यास इंजिनाखाली ओंडका देऊन, पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी ते किंचित अडकले, तर कोनसेट गेला आहे. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचे वलय असेल, तर सील बदलावे लागतील. पाय ठेवायचे फूटरेस्ट वर वाकलेले आणि लेगगार्ड घासलेले असणे हा गुन्हा नव्हे. जड गाडी कधीतरी पडतेच. पण दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या असतील, तर मागचा मालक गाडी कशी चालवत होता याचा अंदाज बांधता येतो. पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून गंज पाहावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत म्हणूनच पाणी आणि गंज साठतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर तपासून बदलणे शहाणपणाचे ठरते.

कागदाची बाजू

कागदपत्रे गाडी चालवून पाहण्याआधी बघावीत. एकदा गाडी आवडली की कागदांतील त्रुटी माणूस माफ करू लागतो. आरसी बुकावरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावेत. चेसिस क्रमांकाची पेन्सिलने कागदावर घेतलेली छाप पुढे आरटीओच्या अर्जालाही उपयोगी पडते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि थकीत ई-चलने पाहता येतात. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फेरनोंदणी, योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर असा खर्च येतो. आज कोणतीही एलिमिनेटर घेतली तरी हा टप्पा ओलांडलेलाच असणार.

नावावर करणे ही औपचारिकता नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. सह्या केलेले कोरे 'टीटी फॉर्म' वर्षानुवर्षे खिशात घेऊन फिरणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत. त्याचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात दाखवून दिले. त्यात एक मोटार एकामागून एक अशी अनेकांच्या हाती गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघातानंतर न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी त्याच्या ताब्यात नव्हती, ही सबब चालली नाही. म्हणजे विकणाऱ्यालाच या दिरंगाईचा फटका अधिक बसतो.

विकत घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. मालकी बदलताच त्रयस्थाच्या भरपाईपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा येत नाही. पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' मात्र त्याच्याबरोबरच जातो. व्यापाऱ्याकडून गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याला त्याच्याकडे आलेल्या गाडीची माहिती आरटीओला कळवावी लागते, आणि तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी त्याच्याकडे येते. तशी नोंद दाखवा म्हटल्यावर चेहरा उतरला, तर दुकान बदलावे.

सजावट: काय चालते, काय नाही

'बॉबर' आणि 'चॉपर' हे शब्द अमेरिकेतून आले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील तरुणांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापून त्या हलक्या केल्या, तो बॉबर. पुढे फोर्क लांबवून, सांगाडा कापून केलेला तो चॉपर, आणि १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटाने त्याला जगभर नेले. आपल्याकडे मुंबईच्या अक्षय वर्दे यांची 'वर्देंची', जयपूरची 'राजपुताना कस्टम्स' अशा कार्यशाळांनी या कलेला नाव मिळवून दिले. त्यांचे काम पाहून गल्लीतील वेल्डिंगच्या दुकानात तेच करू पाहणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

कायदा येथे स्पष्ट आहे. कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मागचे आसन काढून एकटी सीट बसवणारे हे विसरतात की आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली असते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या स्वारासाठी पकडण्याची सोय, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण, म्हणजे आपला साडीगार्ड, आवश्यक आहे. बॉबर करताना सर्वांत आधी कापला जातो तो हाच. (पावसाळ्यात कापलेल्या मडगार्डमुळे पाठीवर उमटणारी चिखलाची रेघ हा त्यावरचा वेगळा दंड.)

लांब फोर्कचा मोह कायद्यापेक्षा भौतिकशास्त्राने आवरावा. फोर्क लांबवून त्याचा कल वाढवला की 'ट्रेल' वाढतो. हँडलचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जेथे भेटेल ती जागा आणि चाक जमिनीला टेकते ती जागा, यांतील अंतर म्हणजे ट्रेल. तो वाढल्यावर गाडी सरळ महामार्गावर शांत धावते, पण लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत किंवा दादरच्या सिग्नलवर कमी वेगात हँडल जड होते आणि चाक एका बाजूला कलंडू पाहते. पुढच्या टायरवरचा भार कमी झाल्याने ब्रेकची पकडही घटते. मागे १३० ऐवजी १५० रुंदीचा टायर घालणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. मूळ रिमवर तो आवळला जाऊन त्याची गोलाई बिघडते, वळताना गाडी बिचकते आणि कधी चेनही टायरला घासते.

सायलेन्सरबद्दल फार लिहायला नको. फटाके वाजवणारे 'इंदोरी' सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेक शहरांतून छापून आली आहेत. कलम १९०(२) मध्ये ध्वनी आणि वायुप्रदूषणासाठी कमाल १० हजार रुपये दंड किंवा तीन महिने कैद, आणि तीन महिने परवाना रद्द, अशी शिक्षा आहे. त्यापलीकडे कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर लावून जेट न बदलल्यास हवेचे प्रमाण वाढते आणि इंजिन तापते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा कानाचा भ्रम आहे.

खरी गरज कशाची असते? शरीराची. पाय पुढे असल्याने क्रूझरवर खड्डा आला की फूटरेस्टवर उभे राहून धक्का चुकवता येत नाही. तो थेट माकडहाडाला बसतो. म्हणून पहिला खर्च सीटवर करावा. चांगला सीट कारागीर जुना फोम काढून दोन घनतेचा फोम बसवतो आणि कंबरेला आधार देणारा उंचवटा ठेवतो. दुसरा खर्च मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर. तिसरा हँडलवर, पण तोही बेताने. खांद्यापेक्षा उंच हँडल हातांना बधिर करते. हँडल बदलले की क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल आणि ब्रेकची नळी पुरते का, ते इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे व उजवीकडे फिरवून पाहावे. फिरवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर केबल ताणली जात आहे आणि यू टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे झेपावेल. जादा दिवे लावताना रिले आणि फ्यूज हवेतच. त्याशिवाय केलेले वायरिंग आधी बॅटरी आणि मग स्विच खाते.

रंग बदलायला हरकत नाही, मात्र आरसीवरील रंगाची नोंद बदलून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही राज्यात आता उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बंधनकारक असल्याने मागच्या चाकाच्या बाजूला तिरकी, नक्षीदार पाटी लावण्याचे दिवस संपले आहेत.

आधीच कोणी सजवलेली गाडी घेण्याची वेळ आली, तर किंमत ठरवण्यापूर्वी मूळ सायलेन्सर, मूळ हँडल, साडीगार्ड, आरसे, इंडिकेटर हे सारे विक्रेत्याकडे आहे का, ते विचारावे. पुष्कळदा ते माळ्यावर एखाद्या गोणीत पडलेले असते आणि मागितल्याशिवाय कोणी काढून देत नाही. ती गोणी हाती आली, तर गाडी एका रविवारी मूळ रूपात आणता येते. ती नसेल, तर त्या सगळ्या भागांची किंमत नाना पेठेत विचारून मागितलेल्या रकमेतून वजा करावी.