फुकटच्या क्लाउडचा खर्च कोण करतं?

मंडळी, आपल्या कोपरीतली कितीतरी पोरं ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून ऐरोली-घणसोलीला आयटीत जातात. तिथल्या सर्व्हरवरचं बरंच सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' असतं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. पण लिहितं कोण? थोडे हौशी, बाकी कंपन्यांची पगारी माणसं.

ओपनस्टॅक घ्या. जुलै २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसने हा क्लाउड उभारायचा कोड खुला केला. अ‍ॅमेझॉनला टक्कर द्यायला एचपी, आयबीएम, रेड हॅट सगळे धावले. जमेना, तेव्हा एचपीने जानेवारी २०१६ मध्ये आपला पब्लिक क्लाउड बंद केला. गिऱ्हाइकांना दुसरी जागा शोधावी लागली. कोड मात्र राहिला. युरोपातली सर्न प्रयोगशाळा तो आजही वापरते.

सेंटओएसचा दणका मोठा होता. फुकट आणि भरवशाचं, म्हणून जगभर सर्व्हरवर बसवलेलं. त्यामागची रेड हॅट (पुण्यातही ऑफिस आहे) आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं, सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत नाही, २०२१ अखेरच संपणार! कोड खुला होता म्हणून रॉकी आणि अल्मा लिनक्स उभे राहिले, नाहीतर बसा बोंबलत.

आता आपल्या घरचं. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये पब्लिक क्लाउड धोरण आणलं, म्हणजे सरकारी डेटा खासगी कंपन्यांच्या क्लाउडवर जायची वाट मोकळी. कंपनीने उद्या दुकान आवरलं तर तो डेटा उचलून दुसरीकडे नेता येईल, अशी अट टेंडरमध्ये आहे का? पुढच्या वेळी नगरसेवक भेटले की गटाराबरोबर हेही विचारा.