पोलिसाला दोस्त हवा की नको?

"पोलिसाची ना दोस्ती बरी, ना दुश्मनी." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पोलीस ठाण्याच्या बातम्या करताना मी स्वतःही ते कित्येकदा बोललोय. पण वर्दीतल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, हा विचार इंटरनॅशनल पोलीस असोसिएशनच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल वाचताना पहिल्यांदा मनात आला.

गोष्ट इंग्लंडमधली. आणि ती सुरू करणारा कुणी आयजी, डीजी नव्हता. साधा सार्जंट होता.

आर्थर ट्रूप यांचा जन्म १९१४ चा, लिंकन शहरातला. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ते शिकले. हे कॉलेज मुळात कष्टकरी वर्गातल्या लोकांसाठी काढलेलं. १९३६ मध्ये ते लिंकनशायर पोलिसात भरती झाले.

महायुद्ध १९४५ मध्ये संपलं तेव्हा युरोपातल्या अनेक देशांत खाकी काय नि निळी काय, वर्दी म्हटलं की लोकांना धडकी भरायची. जर्मनांनी जिंकलेल्या देशांत तिथल्याच पोलिसांना कामाला जुंपलं होतं. देशोदेशीच्या पोलिसांमध्ये सहकार्य नव्हतं असं नाही. आज जिला आपण इंटरपोल म्हणतो ती संस्था १९२३ मध्येच व्हिएन्नात स्थापन झाली होती. पण १९३८ मध्ये ती नाझींच्या ताब्यात गेली आणि पुढे तिचं कार्यालय बर्लिनला हललं. वरून बांधलेलं सहकार्य वरचा माणूस बदलला की कसं फिरतं, याचं हे उदाहरण.

ट्रूप यांनी खालून सुरुवात करायची ठरवली. ऑगस्ट १९४९ मध्ये 'पोलीस रिव्ह्यू' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. खाली नाव होतं 'एटी', म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं. म्हणणं सरळ होतं: वेगवेगळ्या देशांतल्या पोलिसांनी एकमेकांशी मैत्री करावी. प्रतिसाद आला आणि १ जानेवारी १९५० रोजी संघटना उभी राहिली.

ब्रीदवाक्य निवडलं 'सेर्वो पेर अमिकेत्सो', मैत्रीतून सेवा. हे वाक्य इंग्रजीत नाही, एस्पेरांतोत आहे. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये जगापुढे मांडलेली, कुठल्याच देशाची नसलेली ही भाषा. युद्ध जिंकलेल्या देशातल्या माणसाने स्वतःची भाषा बाजूला ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसरी गोष्ट हुद्द्याची. शिपाई असो की मोठा अधिकारी, नोकरीत असो की निवृत्त, सभासद म्हणून सगळे सारखे.

वरच्या वर्तुळात मात्र शंका होती. त्याचं एक कारण मला जुन्या इतिहासात दिसतं. १९१८ आणि १९१९ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी संप केला होता. १९१९ च्या संपात उतरलेल्यांना बडतर्फ केलं, परत घेतलं नाही, आणि त्याच वर्षी कायदा करून पोलिसांना ट्रेड युनियनची दारं बंद केली. अशा खात्यात एक सार्जंट परदेशातल्या शिपायांशी पत्रव्यवहार करतोय म्हटल्यावर भुवया उंचावणारच. पण ही संघटना पगारासाठी किंवा ड्युटीच्या तासांसाठी भांडायला निघालीच नव्हती. पत्रं लिहायची, एकमेकांकडे जायचं, घरी पाहुणचार करायचा, एवढंच. हळूहळू नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, नॉर्वे असे देश जोडले गेले. १९५५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय कार्यकारिणी बसली आणि ट्रूप पहिले आंतरराष्ट्रीय सरचिटणीस झाले. ज्या जर्मनीशी लढून पाचच वर्षं झाली असताना हे काम सुरू झालं, त्याच जर्मनीत १९६९ मध्ये गिम्बोर्नच्या जुन्या गढीत संघटनेचं प्रशिक्षण केंद्र उघडलं.

१९६५ मध्ये ट्रूप यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. २००० साली ते गेले. आज संघटनेचे तीन लाखांहून जास्त सभासद आहेत.

योगायोग बघा, त्याच १९६६ मध्ये आपल्याकडे पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधनं घालणारा केंद्राचा कायदा आला. परवानगीशिवाय युनियन नाही, खात्याने न मानलेली संघटनाही नाही. पण निव्वळ सामाजिक किंवा करमणुकीच्या संस्थेला त्या कायद्यातही सूट आहे. म्हणजे दोस्तीला कायद्याची आडकाठी नाही.

तरी बंदोबस्ताला दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला शिपाई आपल्या गावातल्या मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपतो, आणि चार दिवसांनी कुणाची ओळख न होता परत जातो. त्याला एक घर, एक ताट आणि एक नाव ठाऊक असावं, एवढीच ट्रूप यांची कल्पना होती. त्यासाठी जीआर लागत नाही.

पुढच्या बंदोबस्ताला आपल्या गावात कोण सुरुवात करतंय?